अडचण कौशल्याची नाही, वयाची

पन्नाशीत नोकरी गेलेल्यांनी 'नवी कौशल्ये शिकावीत' असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. सल्ला चांगला आहे, पण दुखणे वेगळे आहे. मी ५४ वर्षांचा अभियंता. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, गुणवत्ता विभागात तीस वर्षे काढली. विभाग बंद झाल्यावर नवी सॉफ्टवेअरही शिकलो, तरी कुठूनच फोन येईना. शेवटी मुलीने बायोडेटातले पदवीचे साल, १९९३, काढून टाकले आणि आठवड्याभरात तीन बोलावणी आली! एका मुलाखतीत माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहत पहिलाच प्रश्न आला, ''साहेब तिशीतले आहेत, चालेल ना?'' मला चालणार होते. त्यांना चालले नाही.

आपल्या राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये धर्म, जात, लिंग यांवरून भेदभावाला मनाई आहे. त्या यादीत वय नाही, आणि ते कलमही सरकारी नोकरीपुरतेच. अमेरिकेने चाळिशीपुढच्यांना संरक्षण देणारा कायदा १९६७ मध्येच केला. आपल्याकडे मात्र 'वय ३५ पर्यंत' असे जाहिरातीत राजरोस छापतात. भविष्यनिर्वाह निधीची पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते. तोवर घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया कोणत्या कौशल्यावर भरायच्या? निदान खासगी नोकरीच्या जाहिरातींतून वयाची अट काढण्याचा कायदा सरकारने करावा.

– एक अभियंता, चिंचवड