प्लग फेकू नकोस, आधी नीट बघ

प्रिय मित्रा,

गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये, म्हणून तू पाठवलेले स्पार्क प्लगचे फोटो मिळाले, चारही झूम करून बघितले. आधी तुला ज्याची धास्ती वाटतेय ते सांगतो. पांढऱ्या सिरॅमिकवर, खालच्या लोखंडी षटकोनाला लागून जो तपकिरी पट्टा दिसतोय ना, तो सिलिंडरमधून गॅस लीक झाल्याचा डाग नाहीये. त्याला कोरोना स्टेन म्हणतात, हाय व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, बस एवढंच. मीही एकदा तो पट्टा बघून चांगले चार प्लग बदलले होते आणि गाडी होती तशीच थरथरत राहिली. नंतर टॉर्चखाली बघतो तर एका जुन्या प्लगच्या सिरॅमिकवर वरून खालपर्यंत केसाएवढी बारीक काळी रेघ, म्हणजे स्पार्क आत पडायच्या ऐवजी बाहेरूनच बॉडीला उडत होता, आणि त्या प्लगला हाय व्होल्टेज देणाऱ्या कॉइलचा रबरी बूट (प्लगवर बसणारी टोपी) आतून चिरलेला. म्हणून म्हणतो, प्लग बदलायच्या आधी तो काय सांगतोय ते बघ.

तुझे पहिला, दुसरा आणि चौथा फिकट तपकिरी आहेत, हा तब्येतीचा रंग. तिसरा मात्र काळा. एअर फिल्टर चोंदला असता किंवा मिक्स्चर सगळीकडे रिच, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त, असतं तर चारही काळे पडले असते, एकच काळा म्हणजे भानगड त्याच सिलिंडरची आहे. आता बोट फिरवून बघ. कोरडी काजळी हाताला लागली तर तिथे स्पार्क कमजोर आहे नाहीतर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळतोय, आणि ओलं, चिकट तेल लागलं तर वॉल्व्ह सील किंवा पिस्टनच्या रिंगा, मग नवा प्लगही थोड्या दिवसांत असाच होणार, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घे. तेल टोकाला नसून फक्त वरच्या बाजूला, प्लगच्या खड्ड्यात असेल तर घाबरू नकोस, ते बहुतेक वरच्या कव्हरच्या गॅस्केटचं असतं. कोरडी काजळी असेल तर तिसरी कॉइल पहिल्यावर लावून बघ, मिसिंग पहिल्यावर गेलं की चोर सापडला.

रंग चांगला असला तरी त्या तिघांच्या इलेक्ट्रोडच्या (ज्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते त्यांच्या) कडा गोल झाल्यात, त्यामुळे ते बदलायला हवेतच. स्पार्क धारदार कडेवरून सहज उडतो, कडा झिजून गॅप वाढला की कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं आणि मग तीही लवकर जाते. साधे निकेलचे प्लग ३०-४० हजार किलोमीटर जातात, इरिडियमचे लाखापर्यंतही जातात. नंबर मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच घे, हीट रेंज (प्लग किती गरम राहतो ते) बदलायचा प्रयोग नको, जास्त गरम प्लग घातलास तर टोक पांढरंफटक पडून त्यावर फोड येतात.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय पाना लावू नकोस, प्लग ज्यात बसतो ते हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना ओढलास तर प्लगसोबत आटे बाहेर येतील. काढायच्या आधी खड्ड्यात हवा मार, नाहीतर सगळी धूळ सिलिंडरमध्ये. एकेकच काढ. नवा आधी हाताने फिरव, पाना नंतर, तीन-चार आटे सहज गेले पाहिजेत, जरा जरी अडलं तरी मागे घे. वायसर असलेला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा बास, पण टेपर सीटवाला, म्हणजे वायसर नसलेला निमुळत्या बैठकीचा, असेल तर फक्त एक सोळांश. आट्यांना ग्रीस वगैरे लावू नकोस, हाताला अंदाज चुकतो आणि जास्त आवळला जातो. आणि हो, इरिडियमच्या टोकाला तारेचा ब्रश अजिबात नाही, ती सुई फार नाजूक असते.

तिसऱ्याचं काय लागलं हाताला ते कळव, आणि त्या खड्ड्यात टॉर्च मारून एक फोटो पाठव. तोपर्यंत गाडी लांब नेऊ नकोस, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

तुझाच