मेघदूताचा ढग तुमचा होता, मामा

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

प्रयोग संपल्यावर माइकवरून 'नेपथ्य' म्हणून माझं एकटीचं नाव पुकारलं गेलं आणि मी उठून हात जोडले. तुम्ही तेव्हा विंगेत पडद्याच्या दोऱ्या सोडवत होता. माइक मागून घेऊन दोन वाक्यं बोलायला हवी होती. घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमची नात वाचून दाखवेलच.

'मेघदूत' रंगमंचावर आणायचं ठरलं तेव्हा मला धास्ती होती ती ढगाची. यक्ष, कुबेराचा शाप, वर्षभराची ताटातूट हे नट सांभाळून नेतात. पण ज्याच्याशी तो एवढं बोलणार तो ढगच उभा राहिला नाही, तर माणूस नुसता हवेशी बडबडतोय असं दिसणार. मी थर्माकोलचे ढग कापून मंचावरच्या आडव्या दांडीला, म्हणजे बारला, टांगले. मग धुराचं मशीन भाड्याने आणलं. तालमीत पंखे सुरू होते. धुराने आधी यक्षाला गिळलं आणि मग आमच्या दिग्दर्शकांना खोकत बाहेर पाठवलं.

तुम्ही पावसाळ्यात लेकीकडे नागपूरला आला होता. लकडगंजात आरामशीनमागच्या शेडमध्ये आमच्या नेपथ्याच्या चौकटी, म्हणजे फ्लॅट, ठोकणं चाललं होतं, तिथे सुतारदादांनी तुम्हाला आणलं. "गडचिरोलीकडच्या वडशाचे पेंटर आहेत, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे," एवढीच ओळख. टांगलेल्या ढगांकडे बघून तुम्ही म्हणालात, "मॅडम, हे तं धुणं वाळत घातल्यासारखं दिसून राहिलं." मला राग आला होता, आज सांगून टाकते.

मग तुम्ही म्हणालात, वाचून तर दाखवा काय लिहिलंय. दुसराच श्लोक. आषाढाच्या पहिल्या दिवशी यक्षाला डोंगरउताराला बिलगलेला मेघ दिसतो, बांधाला धडका देत खेळणाऱ्या वाकलेल्या हत्तीसारखा. हा श्लोक मला कॉलेजपासून पाठ. तुम्ही विचारलंत, "हत्तीचं तोंड कोणीकडे?" शेडमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तोंड डोंगराकडे, मान खाली, असणार! कालिदासाने ढग खाली, उताराला टेकवून ठेवला होता आणि मी शिडी लावून तो बारला बांधत बसले होते.

(यक्ष शापाचे दिवस काढतो तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे संस्कृतपंडित वा. वि. मिराशींनी मांडलं. छत्तीसगडवाले त्यांचा रामगढ सांगतात. सांगोत बापडे. आपण पावसात गडमंदिराच्या पायऱ्या चढलेली माणसं, आपल्याला पटवायला फार पुरावा लागत नाही.)

त्यानंतरचं सगळं तुमचंच. गांधीबागेतून मच्छरदाणीचं कापड आणायला लावलंत तेव्हा दुकानदाराने विचारलं, घरी पाहुणे किती? जाळीवर वरून, तिरका उजेड पाडला की तिच्यावरचा डोंगर आणि ढग भरीव दिसतात. तो मंद करून मागचा दिवा वाढवला की तीच जाळी विरघळते आणि पलीकडची यक्षाची अलकानगरी दिसायला लागते. पुस्तकात हे मीही वाचलं होतं. पण कापडाचे दोन पन्हे जोडले की उजेडात शिवण दिसते, त्याचं काय, हे पुस्तकात नव्हतं. तुम्ही शिवण सरळ न नेता डोंगराच्या कडेने वळवत नेलीत. आता ती कडाच वाटते. खालच्या नेफ्यात रेती भरलेला पाइप घातलात, म्हणून कापड हललं नाही. आणि प्रकाशयोजनेच्या पोराला दम भरलात, "समोरून मारू नको रे, भोकातून पलीकडे जाते."

रंगाची गंमत तर मी विसरणार नाही. सरस घालून भुकटीचा रंग केलात, पातळ, जाळीची भोकं बुजू नयेत म्हणून. ओला ढग इतका काळा दिसत होता की माझी झोप उडाली. "वाळला का उतरते," म्हणालात. पण आषाढाच्या दमट हवेत वाळेना. तुम्ही रात्रभर टेबलफॅन हातात धरून एकेक हात जागा वाळवत बसलात, फॅन जवळ नेला की ओघळ, लांब नेला की डाग. सकाळी सात वाजता तो ढग राखाडी-निळा झाला होता, कडेला किंचित जांभळा. तो जांभळा कुठून आला, हे मी अजून विचारलेलं नाही.

लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात पहिल्यांदा ती जाळी विरघळली तेव्हा प्रेक्षकांतून जो 'आऽ' आला, तो विंगेत तुम्हाला ऐकू गेला का? तुम्ही त्या वेळी दोरी धरून वर बघत होता.

तुम्ही एस.टी.चं भाडं तेवढं घेतलंत. फ्लेक्सचे पडदे आल्यापासून हात बसून गेला होता, तो सुटला, हेच पुष्कळ, असं म्हणालात. ते मला मान्य नाही. मानधनाचं पाकीट सुतारदादांकडे दिलं आहे, परत पाठवू नका. पुढच्या प्रयोगाच्या पत्रिकेवर नेपथ्यात तुमचं नाव आधी छापलं जाईल, हे संस्थेकडून लिहून घेतलं आहे.

पडद्याची घडी घातलेली नाही. सांगितल्याप्रमाणे बांबूवर गुंडाळून आडवा ठेवलाय. उतरवताना हत्तीच्या सोंडेपाशी वीतभर फाटलाय. दुसऱ्या कोणाला सुई लावू दिलेली नाही. तुमच्याकडे मंडईचे, नाटकांच्या जत्रांचे, दिवस सुरू व्हायच्या आत एक चक्कर टाका.

तुमची,
मॅडम