तालमीला जाण्याआधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

सोलापुरात हौशी नाट्यमंडळाची वर्गणी भरलीस आणि पहिल्याच संगीत नाटकात दोन पदं वाट्याला आली, हे कळलं. लेखकाची किंवा वारसांची परवानगी आणि संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे ना, एवढं चिटणीसांना विचार. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाची तारीख मिळाली की झालं, असं हौशी लोकांना वाटतं.

पद तुला गाता येतं. फसतं ते पदाआधीचं वाक्य. ऑर्गनवाला त्या वाक्याखाली हळूच सूर धरतो. तेव्हा तू बोलणं वर नेलेलं असलंस, तर पदाची पहिली ओळ पडल्यासारखी वाटते. शेवटचे चार शब्द षड्जाच्या, म्हणजे तुझ्या ‘सा’च्या, आसपास आणून ठेव. खाकरून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहू नकोस; मग ती मैफल होते. आधीची तीन वाक्यं, पद आणि नंतरचं पहिलं वाक्य, असा अख्खा तुकडा दहादा घोटत जा. नुसतं पद घोळून हा सांधा बसत नाही.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरायचा ते, आत्ताच ठरव. तू काळी चारमध्ये आणि समोरचा काळी एकमध्ये गात असेल, तर द्वंद्वगीत कुणाच्या सुरात, हे रंगीत तालमीला ठरवून चालत नाही. तबलाच वेगळा लागतो. त्यात सोलापूरचं कोरडं ऊन. पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ताणली की तबल्याचा सूर चढतो, ऑर्गन मात्र तिथंच. पहिल्या घंटेआधी आणि मध्यंतरात, दोन्ही वेळा जुळवून घ्यायला सांग.

प्रॉम्प्टर गद्यापुरता. पदात शब्द गेला तर धृपदाची ओळ पुन्हा धर, तबलजी ठेका सांभाळतो, तेवढ्यात अंतरा आठवतो. ताना आवर, चार मिनिटांपुढे समोरच्या पात्रानं करायचं तरी काय?

कॉलर माईक पदराखाली लावू देऊ नकोस. जरीचा काठ खरखरतो, मोत्यांची माळ आपटते, आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

प्रयोगाच्या दिवशी शेंगदाण्याची चटणी बंद, कूट घशाला चिकटतो. भाकरी आणि साधं वरण, तेही चार तास आधी.

आमची तिकिटं मागच्या रांगेतली काढ. तुझे शब्द तिथवर पोचतात का, ते बघायचंय.

तुझी
आई