4 कप कॉफी खोडून 2 करणाऱ्या ताईंना

ताई,

मी सिगारेट सोडल्याच्या नवव्या दिवशी तुम्ही विचारलंत, "दिवसाला कॉफी किती?" उत्तर ऐकून कागदावर 4 लिहिलंत, ते खोडून 2 केलंत आणि कागद पुढे सरकवलात. हे पत्र त्या खोडलेल्या आकड्यासाठी आहे.

त्याआधी ज्यांचे उंबरे झिजवले, त्यांनी छातीतली धडधड, हातांची थरथर आणि रात्री टक्क उघडे राहणारे डोळे या सगळ्यावर एकच शिक्का मारला होता: निर्धार कमी पडतोय. कॉफीचं कुणीच विचारलं नाही. खरं तर धुरातली रसायनं यकृतातल्या कॅफिन पचवणाऱ्या एन्झाइमला जोर देतात. धूर थांबला की आठवडाभरात तो जोर ओसरतो आणि तेवढ्याच कॉफीत रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जातं. ही करामत धुराची, निकोटिनची नव्हे. म्हणून निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावला तरी ती टळत नाही, आणि नुसता तंबाखू चघळणाऱ्याने तो सोडला तर हा प्रकार होत नाही. क्लोझापिन, ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं किंवा दम्यावरचं थिओफायलिन चालू असेल तर सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं. याच कारणाने नेहमीचा डोस जड होतो.

बाकीचंही तुम्ही न घाबरवता सांगितलंत. चिडचिड आणि बेचैनी पहिल्या 3 दिवसांत टोकाला जाते, मग 2 ते 4 आठवड्यांत उतरते. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तोंड येतं, पोट साफ होत नाही, खोकला उलट वाढल्यासारखा वाटतो, कारण श्वासनलिकेतली बारीक केसं पुन्हा कामाला लागलेली असतात. भूक मात्र लवकर हटत नाही. वर्षभरात 4-5 किलो वजन वाढू शकतं. आधी माहीत नसलं की माणूस यालाच आजार समजतो आणि पुन्हा पाकीट उघडतो.

निकोटिनचा च्युइंगमसुद्धा नेहमीच्या च्युइंगमसारखा चावायचा नाही, हे तुमच्याकडूनच कळलं. जीभ झोंबू लागली की तो गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, झोंबणं थांबलं की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं; मग उचक्या आणि जळजळ. तो चावण्याआधी 15 मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय घ्यायचं नाही, नाहीतर तोंडात निकोटिन नीट शोषलंच जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा, नाहीतर 2 चा.

समोरच्याला कमकुवत न ठरवता त्याच्या शरीरात काय चाललंय ते समजावून सांगायला मोठं मन लागतं. अशी माणसं फार थोडी असतात, आणि ती आपल्या वाट्याला यावीत हे भाग्यच.

निघताना तुम्ही म्हणालात, "पुन्हा पेटवलीत तरी परत या." तेव्हा आभार मानायला शब्द फुटले नव्हते. आज मानतो.

तुमचा ऋणी