खेळाने गुण देऊ नयेत, चूक दाखवावी

प्रति,
संपादक,

महोदय,

मी गेली १९ वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी असल्याने माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र आहे, पट २१. गेल्या वर्षी लोकवर्गणीतून शाळेला चार टॅब मिळाले. त्यांवरचा गणिताचा एक खेळ आम्ही दर शनिवारी मुलांना देऊ लागलो. प्रश्न आला की वीस सेकंदांत चारपैकी एका उत्तरावर बोट ठेवायचे. जो लवकर ठेवील त्याला जास्त गुण, आणि शेवटी पहिल्या तिघांची नावे पडद्यावर. वर्गात एवढा उत्साह मी क्वचितच पाहिला होता. पण तिसऱ्या शनिवारी तिसरीतली एक मुलगी पोट दुखते म्हणून व्हरांड्यात जाऊन बसली, आणि त्यापुढच्या शनिवारी शाळेतच आली नाही.

हीच मुलगी आमच्या बाल आनंद मेळाव्यात मेथीच्या जुड्या विकत होती. १८ रुपयांची भाजी घेऊन कुणी पन्नासची नोट दिली, तर ती 'अठरा, वीस, तीस, चाळीस, पन्नास' असे मोजत ३२ रुपये बिनचूक परत करी. टॅबवर मात्र तिला १० पैकी ३ गुण.

एकदा तिला शेजारी बसवून ५२ वजा ३८ सोडवायला सांगितले. तिने २६ लिहिले. कसे केलेस, असे विचारल्यावर म्हणाली, "आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन." मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली, असा तिचा नियम होता. दशक सुटा करण्याची पायरी तिला कागदावर पोहोचलीच नव्हती. हातच्याची सगळी उदाहरणे तिची एकाच कारणाने चुकत होती. टॅबवरच्या पर्यायांत २६ नव्हतेच. चुकीचे आकडे कसेही टाकलेले होते. आपले उत्तर सापडेना म्हणून ती दिसेल त्यावर बोट ठेवत होती. पर्याय तयार करणाऱ्याने एखाद्या तिसरीच्या वर्गात आठवडाभर बसून पाहिले असते, तर २६ तिथे नक्की आले असते, आणि तो खेळ मला पहिल्याच शनिवारी सांगू शकला असता की या मुलीला नेमके काय शिकवायचे आहे.

खेळातून मूल्यमापन करण्याला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या प्रा. व्हॅलरी शूट यांनी 'स्टेल्थ असेसमेंट' ही कल्पना मांडली. मुलाला परीक्षेची चाहूल लागू न देता, खेळता खेळता त्याची समज टिपायची. त्यांच्या 'फिजिक्स प्लेग्राऊंड' या खेळात हिरवा चेंडू लाल फुग्यापर्यंत न्यायचा असतो. त्यासाठी मूल पडद्यावर उतार, तरफ, लंबक रेखाटते. कोणते साधन निवडले, किती वेळा पुसले, पुन्हा कसे काढले, या सगळ्याची नोंद होते आणि त्यावरून समजेचा अंदाज बांधला जातो. उत्तरापर्यंतची वाट तिथे दिसते. आमच्या टॅबवरच्या खेळाला फक्त बोटाचा वेग दिसत होता.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेची. सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिणारी मुले दरवर्षी माझ्या वर्गात असतात, कारण मराठीत सात आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला, पण त्यामागची अडचण खरी होती. इंग्रजीत 'फॉर्टी सेव्हन' म्हणताना हा उलटा क्रम येत नाही. त्यामुळे इंग्रजीवरून भाषांतर केलेल्या खेळात ही चूक शोधायची योजनाच नसते. आवाज मराठी असतो एवढेच. मराठी मुलांसाठीचा खेळ मराठी मुलांच्या चुका गोळा करूनच बनवावा लागेल.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्यपूर्ण हवे म्हणते, आणि मूल भय व चिंतेपासून मुक्त असावे असेही म्हणते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदी छापील नमुन्यांतून उतरवल्या जातात. हे मी स्वतः केले आहे आणि त्याची खंत वाटते. दोन इयत्ता एकत्र सांभाळताना प्रत्येक मुलाच्या शेजारी बसून नोंद घ्यायला वेळ उरत नाही. खेळ ती नोंद ठेवणार असेल तर तो मला हवा आहे.

म्हणून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला माझी विनंती आहे. शाळांमध्ये असे खेळ आणताना वेळेचे घड्याळ आणि क्रमवारी काढून टाका. शिक्षकाला गुणांऐवजी चुकीचा प्रकार कळवा. आणि खेळातली नोंद कोणत्याही पोर्टलवर गुण म्हणून चढवू नका. ती चढू लागली की आम्ही शिक्षकच मुलांकडून खेळाची तयारी करून घेऊ. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पालकांना ती समजावून सांगण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

सध्या मी त्या खेळाचे घड्याळ बंद केले आहे आणि पर्याय झाकून आधी पाटीवर उत्तर लिहायला सांगते. मूल खेळत असताना शेजारी वही घेऊन बसते. ती मुलगी पुन्हा शनिवारी येऊ लागली आहे. पण एका शनिवारी जेमतेम सहा मुलांच्या नोंदी होतात, आणि उरलेली पंधरा पुढच्या आठवड्याची वाट पाहतात.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा