दोन घोडे पहिले कसे येतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रॅक्टिकल आणि ओरलचा सीझन आला की ओळखीतली डिप्लोमा, बीएस्सी आयटी, इंजिनिअरिंगची पोरं माझ्याकडे जावाचे प्रोग्राम घेऊन येतात (मी सॉफ्टवेअरमध्ये आहे एवढंच माझं क्वालिफिकेशन), आणि त्यात मल्टिथ्रेडिंगला (एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालवणं, त्यातलं प्रत्येक काम म्हणजे एक थ्रेड) एक ठरलेला प्रोग्राम असतोच, शर्यतीचा. कुणाचा ससा-कासव, कुणाचे घोडे, कुणाच्या गाड्या. प्रत्येकाला एक थ्रेड, तो रँडम पावलं टाकत शंभर मीटरपर्यंत जाणार, पहिला पोचेल त्याचं नाव स्क्रीनवर. शिकवायला एकदम भारी प्रोग्राम आहे हो, पण तो तपासला कसा जातो तर एकदा रन केला, आउटपुट आलं, प्रिंट काढून जर्नलमध्ये चिकटवलं, सही. थ्रेडच्या बाबतीत एकदा बरोबर आलं याला काडीचा अर्थ नाही आणि हे पोरांना कुणी सांगतच नाही, म्हणून हे पत्र.

थ्रेड सुरू करणाऱ्या स्टार्टऐवजी थेट रन (पळायचा कोड असलेली मेथड) कॉल करणारे तर दरवर्षी सापडतात. मग थ्रेड सुरूच होत नाही, पहिला घोडा आख्खी शर्यत पळून संपवतो आणि मग दुसरा निघतो. सारखा पहिलाच जिंकतोय याचं पोरांना नवलही वाटत नाही!

खरी गंमत विजेता ठरवताना. सगळ्यांचा कोड एकच, विनर नल (म्हणजे रिकामा) असेल तर विनरमध्ये माझं नाव टाक आणि प्रिंट कर. वाचायला एक वाक्य पण मशीनसाठी बघणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. एका थ्रेडने बघितलं नल आहे, तो लिहिणार तेवढ्यात दुसऱ्यानेही बघितलं, त्यालाही नलच दिसलं, झाले दोन विजेते. यावर कुणीतरी सांगतं सिंक्रोनाइज्ड लाव (म्हणजे लॉक घेऊन एका वेळी एकच थ्रेड आत जाईल), पोरं लावतात, पण घोड्याच्याच क्लासमधल्या मेथडला, म्हणजे प्रत्येक घोडा आपापल्या ऑब्जेक्टचं लॉक घेतो आणि कुणी कुणाला अडवतच नाही. एकाच घराला प्रत्येकाने आपापला दरवाजा बसवून त्याला कुलूप लावल्यासारखं आहे हे. लॉक सगळ्यांना मिळून एकच पाहिजे, नाहीतर सरळ अ‍ॅटॉमिक रेफरन्स घ्या आणि कंपेअर-अँड-सेट करा, नल असेल तरच नाव जाईल आणि ते एकाचंच जाईल. ही सोय 2004 साली जावा 5 मध्ये आली, आमच्या इथल्या जर्नलपर्यंत अजून पोचायचीय.

मग मधे मधे कोण पुढे आहे ते दाखवायचं असतं. मेन थ्रेड पहिल्या घोड्याचं अंतर वाचतो, मग दुसऱ्याचं, पण दुसऱ्याचं वाचेपर्यंत पहिला पुढे सरकलेला असतो, म्हणजे तुलना होते ती दोन वेगवेगळ्या क्षणांची. व्होलाटाइल लावून हे सुटत नाही, त्याने ताजी व्हॅल्यू दिसते एवढंच. तुलना करायची तर सगळे एका जागी थांबले पाहिजेत. सायक्लिक बॅरिअर त्यासाठीच आहे, प्रत्येकाने एक पाऊल टाकून थांबायचं, सगळे आले की तुलना, मग पुढचं पाऊल.

अजून एक, हे मला फार आवडतं. पोरं अंतरं मॅपमध्ये ठेवतात, म्हणजे ती इंटिजर ऑब्जेक्ट झाली, आणि बरोबरी झाली का ते डबल इक्वल टूने बघतात, जे आकडा नाही तर ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं. शंभर मीटरला सगळं झकास चालतं. ट्रॅक चारशेचा करा, दोघंही 400 वर उभे असले तरी जावा म्हणणार सारखे नाहीत, कारण उणे 128 ते 127 पर्यंतचे इंटिजर जावा कॅशमधून तेच ते देते आणि त्यापुढे साधारणपणे नवीन बनवते. इक्वल्स वापरायचं होतं. शंभर मीटरचा ट्रॅक घेतला म्हणून वाचला, बाकी काही नाही.

आणि ते प्रिंट! शर्यत संपली का हे बघणारा रिकामा व्हाइल लूप, साधा बूलियन, व्होलाटाइल नाही, मग प्रोग्राम कधीकधी अडकतो तो अडकतोच. का अडकला बघायला पोरगं लूपमध्ये प्रिंटलाइन टाकतं आणि लगेच चालायला लागतो, कारण प्रिंटच्या आत स्वतःचं लॉक असतं त्यामुळे व्हॅल्यू दिसायला लागते, प्रिंट काढला की परत अडकला. असले प्रोग्राम प्रिंटसकट सबमिट झालेले मी बघितलेत.

कुणी म्हणेल घोड्यांचा खेळ, एवढं काय त्यात. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात जवळपास 5 कोटी लोकांची वीज गेली. सुरुवात झाडांना टेकलेल्या तारांनी झाली होती पण ओहायोतल्या कंट्रोल रूममधलं अलार्म सॉफ्टवेअर आधीच गपचूप बंद पडलेलं, ऑपरेटरना पत्ताच नाही, आणि नंतर शोधल्यावर आत निघाली रेस कंडिशन, म्हणजे कुठला थ्रेड आधी पोचतो यावर निकाल बदलणारी चूक, आपल्या दोन विजेत्यांसारखीच. टेस्टिंगमध्ये आधी कधी दिसली नव्हती. थेरॅक-25 या रेडिएशन मशीनने 1985 ते 87 मध्ये पेशंटना भलताच डोस दिला त्यातही हाच प्रकार होता.

तेव्हा एक्सटर्नल सरांना आणि मॅडमना विनंती, ओरलला थ्रेडची व्याख्या विचारण्यापेक्षा पावलांमधला स्लीप (थ्रेडला थोडा वेळ थांबवणारी ओळ) काढायला लावा, ट्रॅक चारशेचा करा, शर्यत लूपमध्ये हजार वेळा पळवून किती वेळा दोन विजेते निघाले ते मोजायला सांगा, फार वेळ लागत नाही त्याला. आणि ज्या पोराला दोन विजेते का निघाले ते नीट सांगता येईल त्याला पूर्ण मार्क द्या, आउटपुट चुकलं म्हणून कापू नका.

आपला,
एक वाचक, पुणे