वरच्या मजल्यावरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या घरचं वायफाय संध्याकाळ झाली की मान टाकायचं. बाबांचा डॉक्टरांशी चाललेला व्हिडिओ कॉल नेमका गोळ्यांची नावं सांगताना गोठायचा. तक्रार केली की ‘राउटर बंद करून चालू करा’ हे ठरलेलं उत्तर, आणि ओळखीतल्या प्रत्येकाचा सल्ला एकच, नवा राउटर घ्या. तुम्ही मात्र काहीही विकत घ्यायच्या आधी दोष कुठे आहे ते शोधलंत. म्हणून हे जाहीर पत्र.

आल्याआल्या तुम्ही लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडलात आणि पिंगच्या, म्हणजे संदेश धाडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या चाचणीच्या, दोन खिडक्या उघडल्यात. एक राउटरच्या पत्त्याला, दुसरी बाहेरच्या. केबलवर दोन्हींचे आकडे स्थिर होते. केबल काढून वायफायवर आलात, तर समोरच असलेल्या राउटरचंच उत्तर १ मिलिसेकंदावरून ३००-४०० वर उड्या मारू लागलं, मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच नाही. “लाइन ठणठणीत आहे, गडबड घरातच आहे,” तुम्ही म्हणालात. इतके दिवस हे कुणीच आम्हाला वेगळं करून दाखवलं नव्हतं.

मग आजूबाजूची वायफाय कुठल्या चॅनलवर आहेत ते दाखवणारं ॲनालायझर ॲप लावून फोन बाबांच्या हातात दिलात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमचा राउटर ३ वर, तोही ४० मेगाहर्ट्झ रुंदीने, म्हणजे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट त्याच्या वाट्याला. संध्याकाळी सगळे घरी येतात, म्हणून त्रास संध्याकाळी. बाबांनी हे पुन्हा पुन्हा विचारलं आणि तुम्ही दर वेळी तितक्याच आपुलकीने सांगितलंत. वडीलधाऱ्यांना ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणून गप्प करणारे पुष्कळ असतात हो.

चॅनल ११, रुंदी २० केल्यावरही आकडे अधूनमधून उडतच होते. तेव्हा तुमची नजर राउटरच्या पाठीला लावलेल्या यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कवर गेली. ती उपसलीत आणि पिंग जागच्या जागी शांत झालं. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरतो, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. राउटर लोखंडी कपाटाआडून काढून पॅसेजमध्ये उंचावर ठेवलात, तशी बाबांच्या पलंगापाशी उणे ७९ डीबीएम दाखवणारी सिग्नलची ताकद उणे ६१ वर आली (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). जाड भिंतीपलीकडे वायफायचा दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा फारसा टिकत नाही म्हणून त्यांच्या फोनला २.४ च ठेवलंत.

डॉक्टरांचा कॉल आता शेवटपर्यंत चालतो. कधी अडखळलाच तर बाबा आधी राउटरला पिंग करून बघतात आणि मगच तक्रार नोंदवतात, तीही नेमकी. तुम्ही मोबदला घेतला नाहीत, निदान आमचे मनःपूर्वक आभार तरी घ्या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची